उत्क्रांतीचं हळदीकुंकू

दिवसातून सगळ्यात जास्त वेळा देवाचं नाव कोण घेतं, अशी पैज कुणी मारली तर मी डोळे झाकून राजुरीच्या आमच्या मामांवर लावीन. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, आणि ते देव मानत नाहीत! सकाळी दात घासताना देव नाही, चहा पिताना देव नाही, गोठ्यातून येताना पाय घसरला तर पडतापडता "देव नाय, नायतर शेण हितं पडलं नसतं" असं म्हणून मग पडणार. मामी तर सरळ सांगतात, "आमी देवाला सकाळ-संध्याकाळ आठवतो. ह्यांना दिवसभर करमत नाय त्याच्याबिगर."

मामांची सगळी नोकरी गावच्या दूध डेअरीवर दुधाचं फॅट मोजण्यात गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ते फॅटवर मोजतात. कीर्तन ऐकून आले की मामी विचारतात, कसं झालं? मामा म्हणतात, "आवाज बरा व्हता, पण फॅट तीनच्या खाली." मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हा माणूस कोपऱ्यात बसून चष्म्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होता. शिक्षण नाही, पगार नाही, एक प्रश्न विचारला नाही. मला घाम फुटला. शेवटी उठून आत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देऊन टाका पोरगी. पावणं साडेतीन लागतंय, पानी घातलेलं न्हाई." माझं लग्न ठरलं ते असं, आणि खरं सांगतो, एवढी सुंदर स्तुती माझी पुन्हा कुणी केली नाही.

ग्रहणात खायचं नसतं म्हणून ग्रहण लागलं की मामा ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून दाखवून कांदाभजी खातात. एकदा विज्ञानाच्या भरात दोन ताटं संपवली आणि पुढचे दोन दिवस पोट धरून बसले. गाव म्हणालं, बघा, ग्रहण बाधलं. मामा कण्हत म्हणाले, "ग्रहान न्हाई, तेल बाधलं. पुढच्या ग्रहनाला तेल बदलून खानार!" पण त्यांचा खरा जीव उत्क्रांतीवर. माणूस माकडापासून झाला याचा पुरावा ते पुस्तकातून देत नाहीत, तुमच्याच अंगातून काढून देतात. "बसा भाऊ. ज्याच्यावर बसला त्या हाडाला काय म्हनत्यात? माकडहाड! शेपूट गेलं, पत्ता ऱ्हायला." एकदा पिंपरी पेंढारचे एक सोयरे त्यांच्या दारातच मोटरसायकलवरून आपटले. ते बिचारे "माकडहाड गेलं हो" म्हणून विव्हळत होते आणि मामा आनंदानं टाळ्या पिटत होते, "म्हनला का न्हाई? सोताच्या तोंडानं म्हनला का न्हाई?" तेल चोळायला मामींनाच यावं लागलं.

हे सगळं ऐकून घेणारा आणि वर भांडणारा गावात एकच माणूस होता, मारुतीच्या देवळाचे गुरव. दोघं एका वर्गातले. रोज संध्याकाळी आरती झाली की देवळाच्या पायरीवर देव आहे की नाही यावर दोघांची जुंपायची आणि अंधार पडला की "उद्या बघतो तुला" म्हणून दोघंही खुशीत घरी जायचे. पण परवाच्या वर्षी गुरवांची बायको गेली. दहाव्याला सगळे नदीवर जमले, पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. गुरव हात जोडून हळू आवाजात बायकोला एकेक वचन देत होते, लोक खाली मान घालून उभे होते, आणि मामा मागून मोठ्यानं बोलून गेले, "पोट भरलं आसंल त्याचं. पलीकडं दुसरा दहावा झालाय." गुरवांनी मागं वळून फक्त एकदा बघितलं. त्या दिवसापासून ते मामांशी एक शब्द बोलले नाहीत. पायरीवर मामा आले की गुरव उठून आत जायचे. वर्ष निघून गेलं.

आणि एक दिवस मामांचा मला फोन. मी अवसरीला राहतो, मंचरला नोकरी करतो. फोनवर मामा ओरडतच होते. "पावणं, घावलं! घावलं! टीव्हीवर माकडांचं कार्टून लागलं व्हतं, परदेशातलं, हिंदीत बोलतंय. त्यात देव मानणारी माकडं हायेत, न मानणारी हायेत, दोघांची जी उतरवलीय, आरारारा! आन त्यात मी हाय!" मला वाटलं, मामा गेले कामातून. पण नातवाकडून त्यांनी ते मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं, वीस वेळा बघितलं होतं. म्हणाले, "गुरवापुढं मला माफ कर म्हनायला गेलो की जीभ टाळूला चिकाटती. तीनदा गेलो, तीनदा माघारी आलो. त्यानं हे बघावं आन मला एकदा हसावं. मग शिव्या दिल्या तरी चालत्याल. तुमी मोठ्या पडद्याची मशीन आणा." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज असा लहान झालेला मी प्रथमच ऐकला. दुसऱ्याच दिवशी ओळखीतून प्रोजेक्टर मिळवला आणि मोटरसायकलला बांधून राजुरी गाठली.

आता गंमत ऐका. मामांनी पंचायतीच्या शिपायाला सांगितलं, स्पीकरवरून पुकार, संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर उत्क्रांतीचा कार्यक्रम आहे. दिवस रथसप्तमीच्या आधीचे. शिपायाच्या उभ्या जन्मात उत्क्रांती आलेली नव्हती. त्यानं गावभर पुकारलं, "संध्याकाळी सात वाजता देवळाम्होरं संक्रांतीचा कार्यक्रम हाय, समद्या माता-भगिनींनी यावं." सातच्या आधीच सगळ्या आळ्यांतल्या बाया काळ्या साड्या नेसून, हळदीकुंकवाची करंडी, तिळगूळ आणि वाणाचे प्लास्टिकचे डबे घेऊन हजर! मामा डोक्याला हात लावून बसले. पण मला एक वेगळीच गोष्ट दिसली. हळदीकुंकू म्हटल्यावर गुरवांनी देवळापुढं झाडून घेतलं होतं, सतरंज्या घातल्या होत्या, आणि ते खांबाला टेकून बसलेही होते. मामांचा कार्यक्रम म्हणून कळलं असतं तर ते फिरकले नसते. पडदा दिसल्यावर त्यांचं तोंड आंबट झालं खरं, पण एवढ्या बाया बसलेल्या, देऊळ उघडं टाकून जाणार कुठं?

कार्टून सुरू झालं. पडद्यावर पहिलं माकड आलं आणि पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं हात जोडले. एक उत्साही सूनबाई उठली आणि तिनं पडद्याला हळदकुंकू लावलं. मागून दुसरी ओरडली, "अगं, मारुतीला शेंदूर आसतो, कुकू न्हाई!" मामा हातात माइक घेऊन हिंदीचं मराठी करत होते. जंगलात माकडांची सभा भरलेली. एक पुजारी माकड म्हणतं, आपल्याला वरच्या मोठ्या माकडानं घडवलं, केळी आणा. दुसरं म्हणतं, आपली पोरं पुढं माणसं होणार. त्यावर सगळी माकडं घाबरून झाडावर चढतात, नको रे बाबा, माणूस नको! बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. गुरव मात्र ढिम्म. मामांचं अर्धं लक्ष पडद्यावर, अर्धं त्या खांबाकडे, आणि आवाज चढत चाललेला.

मग आलं न मानणारं माकड. नाकावर चष्मा, हातात नळी, प्रत्येक फळाचा रस काढून मापणार आणि "काही दम नाही" म्हणून फेकणार. वर कुणी नाही, असं ते इतक्यांदा ओरडतं की त्याचे चेले जमतात आणि 'कुणीच नाही' याच नावाचं एक देऊळ बांधतात. आत रिकामा चौथरा, रिकाम्या ताटात प्रसाद, आणि दर्शनाला आधी कोण यावरून मारामारी! तेवढ्यात आभाळ कडाडतं आणि चष्मेवालं माकड त्या रिकाम्या चौथऱ्याला मिठी मारून किंचाळतं, "हे कुणीच नाही, मला वाचव!"

खांबापाशी काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. गुरव हसत होते. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि पडद्याकडे बोट करून सगळ्या गावादेखत म्हणाले, "आरं, हे चष्म्याचं माकाड म्हंजी तूच की रं!"

मामांनी तोंडाशी माइक तसाच धरला होता. "व्हय रं," मामा म्हणाले, आणि तो आवाज स्पीकरमधून चौकापर्यंत गेला. "मीच हाय. त्या दिशी नदीवर बी हेच माकाड बोललं." बायांची हळदीकुंकवाची बोटं जिथल्या तिथं थांबली.

गुरवांनी उपरण्यानं डोळे पुसले. "ठावं हाय मला," ते म्हणाले. "बस आता हितं. मागच्यांना दिसंना झालंय."

मामा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. पुढचं भाषांतर कुणी केलं नाही आणि कुणाचं अडलंही नाही. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर पुन्हा जुंपली, मागच्या वर्षभराचं थकलेलं सगळं भांडण दोघं हिरिरीनं भांडायला लागले. पण पावसाळा संपताना गुरवांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना भोसरीला घेऊन गेला, तिसऱ्या मजल्यावर. आता पूजा पुतण्या करतो, पायरीवर मामा एकटेच असतात.

मागच्या महिन्यात गेलो तर मामा चक्क गाभाऱ्यातून बाहेर येत होते. मला बघून चोरी पकडल्यासारखे थबकले. मी हसून विचारलं, "मामा, देवाशी काय बोलत होता?"

"काय न्हाई," मामा चष्मा पुसत म्हणाले. "म्हनलं, तू आसशील तर गुरवाला माघारी धाड. आन नसशील तर तसं सांग, म्हंजी मीच येस्टीनं जाऊन त्याला घिऊन येतो."

आणि खरंच, उत्तराची वाट बघत ते पायरीवर बसून राहिले.