तिनं पुस्तक जिथं मिटलं

सकाळी म्हशीची धार काढत होतो. शेजारची शांता धावत आली, "दादा, वहिनी उठंना झाल्यात..." आत गेलो तर बायकोचा हात गार. त्याला महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस. जमंल तसं लिहितोय.

सुमन सातवी शिकलेली. आमच्या गावच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत दुपारी बायका पापड लाटायला जमायच्या आणि ही वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचायची. नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मास्तराच्या पोरीची गोष्ट चालली होती. पोरीला शहरात नर्सिंग शिकायचंय, बाप म्हणतोय लगीन कर. लाटणी थांबवून बायका भांडायच्या. "पोरगी गेली की आईच्या नावानं शिमगा!" "मग काय, सगळी अब्रू पोरीच्याच पदराला बांधलीया व्हय?" मी दारात तंबाखू मळत ऐकायचो.

एक दिवस गोष्टीतली ती पोरगी पिशवी घेऊन उंबऱ्यावर आली आणि सुमननं पुस्तक मिटलं.

"अगं, पुढं?" मी म्हटलं.

"तुमीच सांगा की. बापानं काय करावं?"

"जाऊ द्यावं! बाप हाय का वैरी?"

"ऐकलं न्हवं गं सगळ्यांनी?" म्हणत तिनं आतून आमच्या पोरीला, सुनंदाला हाक मारली. सुनंदाचा पुण्याच्या नर्सिंगचा कागद येऊन आठ दिवस झाले होते आणि मी 'न्हाय' म्हणून बसलो होतो. त्या आठ दिवसांत सुमन एका शब्दानं भांडली नव्हती. शांता फिदीफिदी हसली, "दादा, आता फिरू नका हां!"

सुनंदा गेली. पुढं कितीतरी दिवसांनी मी विचारलं, त्या पुस्तकातल्या पोरीचं काय झालं गं? म्हणाली, "बापानं अडवलं. ती तशीच निघून गेली, परत आली न्हाय." मग म्हणाली, "मला आपली परत यायला पायजे होती."

म्हणजे शेवटचं पान आधीच वाचून बसली होती ही! गोष्ट कुठं थांबवायची ते तिला बरोबर ठाऊक. भांडण न्हाय, रडणं न्हाय. एवढी अक्कल सातवीत कुठं शिकवतात... मला अजून उमगलेलं न्हाय.

दिवसकार्य उरकून सुनंदा पुण्याला निघाली. घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, म्हणजे माणूस परत येतं. ते काम कायम सुमनचं. या वेळी वाटी मी घेतली. पळीभर ओतलं, पोरीच्या कोपरापर्यंत ओघळ गेला.

"आबा, आई एवढं देत नव्हती."

"तिला खात्री होती," म्हटलं. "मला न्हाय. खा गप."