दाजींच्या गाडीसाठी सोनपेठला

पुण्याहून निघताना माझ्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत कचरा. ‘कचरा’ हा बायकोचा शब्द. मी त्याला सामान म्हणतो. सायकलच्या दोन घंट्या, कुकरची तुटकी मूठ, पडद्याच्या कड्या, छत्रीच्या काड्या आणि कशाची तरी स्प्रिंग.

मी शाळेत कार्यानुभव शिकवायचो. निवृत्तीनंतर सोसायटीत ‘टाकाऊतून टिकाऊ’चे वर्ग घेतो. येणाऱ्या बायका माझं तोंडभर कौतुक करतात आणि जाताना केलेल्या वस्तू गेटजवळच्या कचरापेटीत टाकतात, असं वॉचमनने एकदा सांगितलं. मी त्या वस्तू पेटीतून काढून परत आणल्या. त्यांचं अजून काहीतरी करता आलं असतं.

माझी थोरली बहीण, कुसुमअक्का, परभणी जिल्ह्यात सोनपेठला असते. आमचं मूळ घर जिंतूरचं. मी शिकायला पुण्यात गेलो आणि तिकडचाच झालो, ती लग्न होऊन सोनपेठला गेली. तिचे यजमान, आमचे दाजी, सोनपेठलाच प्राथमिक शिक्षक होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं थोडं जड झालं तरी शाबूत राहिलं, पण ते बोलेनासे झाले. भाच्याने हैदराबादहून चाकाची खुर्ची पाठवली होती. दाजी तिच्यात एकदाच बसून बाहेर पडले. पिठाच्या गिरणीसमोर पुढची बारकी चाकं फरशीच्या फटीत रुतली, चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून घरी आणलं. त्या दिवसापासून दाजी उंबऱ्याबाहेर गेले नव्हते.

अक्काने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी लगेच म्हणालो, “त्यात काय? मी येऊन बनवून देतो गाडी.”

मग ती म्हणाली, “बापू, तू ये. बनव नायतर नको बनवू, पन ये.”

परभणीला सकाळी उतरलो आणि मानवत-पाथरीवरून जाणारी एसटी धरली. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. रस्त्याकडेच्या एका रानाभोवती मला लांबून पताका लावल्यासारखं दिसलं. जत्रा असेल असं वाटलं. जवळ आल्यावर कळलं की त्या जुन्या साड्या आहेत. हिरव्या, जांभळ्या, जरीकाठी, अख्ख्या हरभऱ्याला गुंडाळलेल्या.

“डुकरं येतेत ना,” शेजारचे म्हातारबाबा म्हणाले. “साडी हालली की त्यास्नी वाटतंय मानूस हाय.”

पुढच्या शिवारात (गावच्या शेतजमिनीत) ज्वारीच्या धाटांवर फुटक्या सीडी चकाकत होत्या, पाखरांसाठी. एका आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) बिनदाराचा फ्रिज जमिनीवर आडवा पाडून त्यात कोंबड्या बसवल्या होत्या. मी वही काढून सगळं टिपून घेत होतो.

“सर्वे करायलाव का?” म्हातारबाबांनी विचारलं.

“नाही. मी हेच शिकवतो.”

“काय, साड्या बांधायला?”

मी वही मिटली.

अक्काने दारातच मला मिठी मारली. ती वाळली होती. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ). पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं आहे असं मी सांगितलं. दाजी खिडकीशी खाटेवर बसले होते. हैदराबादची खुर्ची दाराआड होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते.

“दाजी, मी तुमच्यासाठी गाडी बनवणार आहे,” मी जाहीर केलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या पिशवीकडे पाहिलं आणि परत खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मी मानवतला गेलो. येताना बसमधून तिथे भंगाराचा एक डोंगर पाहिला होता आणि माझा जीव त्यात अडकला होता. मालक सत्तारभाई खुर्चीत बसून चहा पीत होते. मी डोंगरावर चढलो. दोन तास मी त्या लोखंडात इतका रमलो की एकदा सत्तारभाईंनीच खालून हाक मारून मी ठीक आहे ना, याची खात्री करून घेतली. शेवटी सायकलची दोन चाकं, काही नळ्या आणि पत्र्याच्या पट्ट्या घेऊन उतरलो. शर्टाची बाही वरच राहिली.

“काय बनवायलाव साब?”

मी सांगितलं.

“सोनपेठहून आले? मग इकडं कायकू आले? तिकडं शीलाबाई वाघमारे हाय की. माझा निम्मा माल तीच नेते.”

“मला स्वतः बनवायची आहे,” मी जरा ताठून म्हणालो.

“बनवा, बनवा,” सत्तारभाई म्हणाले. त्या आवाजात दया होती हे मला नंतर कळलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने मला दोन चाकं गळ्यात घातलेल्या अवस्थेत पाहिलं. “मामा, गाडीला सहा हायेत आधीच,” तो म्हणाला. “तुमचा भरवसा न्हाई का आमच्यावर?” सगळी बस हसली. मीही हसलो, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. चाकांमुळे मान वळत नव्हती.

अंगणात दोन दिवस माझी ठोकाठोक चालली. प्लास्टिकची एक दणकट खुर्ची घेतली, तिच्याखाली नळ्या बांधल्या, दोन्ही बाजूंना बोल्टने एकेक चाक अडकवलं. शोभेला घंटी लावली. शेजारचे किसनराव, दाजींचे जुने मित्र, रोज ओट्यावर बसून हे बघायचे. ते एक शब्द बोलत नव्हते, पण दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी आणखी दोघांना आणलं.

तिसऱ्या दिवशी गाडी तयार झाली. दाजींना बसवण्याआधी मी स्वतः बसून दाखवायचं ठरवलं. तेवढी एक अक्कल मला सुचली याबद्दल मी अजूनही देवाचे आभार मानतो. किसनरावांना म्हणालो, “ढकला.” त्यांनी खुर्चीची पाठ धरून ढकललं. गल्लीच्या उतारावर गाडी छान निघाली. मी घंटी वाजवली. मग दोन्ही चाकं हळूहळू बाहेर फाकू लागली, पाय पसरून खाली बसणाऱ्या शेळीसारखी, आणि मी घंटी वाजवतच फरशीवर सपाट झालो. खुर्चीचा एक पाय माझ्या सदऱ्यातून आरपार गेला होता.

अक्का धावत बाहेर आली. पण माझ्यापर्यंत पोचलीच नाही. मधेच थांबून ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीत दाजी हसत होते. एका बाजूने वाकडं, आवाज न करता, खांदे हलवत. ती तोंडावर पदर धरून उभी होती. मी फरशीवरून म्हणालो, “अक्का, मला उठव.” तिला ऐकू गेलं नाही.

त्याच दुपारी मी मोडकी गाडी घेऊन शीलाबाईंकडे गेलो.

त्यांचं दुकान म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची एक पत्र्याची शेड. चाळिशीच्या असतील. जाड चष्मा, साडीवर पुरुषी शर्ट, हातात वेल्डिंगचा दांडा. सासऱ्यांनी सुरू केलेलं काम त्याच चालवतात. मोडक्या सायकलीचं पुढचं चाक आणि चिमटा (चाक दोन्हीकडून धरणारा दांडा) घेऊन त्याला फास (तण कापणारं आडवं पातं) जोडायची, की सायकल-कोळपं तयार. बैल नसला तरी एका माणसाला पिकातलं तण काढता येतं. भिंतीला अशी दहा-बारा कोळपी टेकलेली होती.

माझी गाडी त्यांनी उलटी केली, एकदा पाहिली.

“सायकलचं चाक दोन्ही अंगानं धरावं लागतंय, मामा. तुमी एकाच अंगानं लटकवलं. फाकणारच की.” मग घंटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही मात्र चांगली बसवली.”

“मला वाटलं होतं…”

“कुनाला बसवायचंय?”

मी दाजींचं नाव सांगितलं. त्यांनी दांडा खाली ठेवला, चष्मा पुसला. “गुर्जी? मला चौथीला होते. चला.”

त्या घरी आल्या, दाजींसमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. मी वहीतलं माझं चित्र काढून देऊ लागलो. त्यांनी ते न बघताच बाजूला ठेवलं.

“गुर्जी, तुमाला कुठं जायाचं हाय?”

हा प्रश्न आठ महिन्यांत दाजींना कुणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. मी खुर्चीची उंची, चाकांचा व्यास, रंगसुद्धा ठरवला होता.

दाजींनी खिडकीवरची नजर आत वळवली. मग जड जिभेने म्हणाले, “बाजारात. पन ढकलत नेऊ नका. पोत्यागत नेतेत. कुठं थांबायचं ते… ढकलनाराच ठरवतो.”

शीलाबाईंनी मान हलवली. सुतळीच्या तुकड्याने त्यांनी दाजींच्या मांडीची लांबी मापली, डाव्या पावलाची रुंदी मापली. उजवा हात आपल्या हातात घेऊन म्हणाल्या, “दाबा. अजून जोरात.” दाजींनी दाबलं. “लय जोर हाय की. झालं काम.”

पुढचे तीन दिवस मी त्यांच्या शेडमध्ये होतो. पहिल्या दिवशी मी काही सूचना केल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकल्या आणि विचारलं, “मामा, नळ्या धुता येतील का?”

शेडच्या मागे ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्यांची वेटोळी पडली होती. क्षारांनी बुजल्या की शेतकरी त्या टाकून देतात. शीलाबाई त्या नळ्यांनी बाज विणतात. काळ्या, चिवट, बसलं की किंचित झोपाळ्यासारख्या लवणाऱ्या. फक्त आधी त्या धुवाव्या लागतात. मी धुतल्या. बादलीत बुडवून, गोणपाटाच्या तुकड्याने घासून, वेटोळ्यामागून वेटोळं. संध्याकाळी त्यांनी एक नळी उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, “चांगल्या धुतल्यात.” पुण्यातल्या कुठल्याही वर्गात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गाडी झाली. मागे सायकलची दोन चाकं, प्रत्येकाला दोन्ही अंगांनी धरणारा चिमटा. पुढे जुन्या मोपेडचं जाड चाक, फटीत न रुतणारं. नळ्यांची विणलेली बैठक. डाव्या पावलासाठी फळी आणि टायरच्या ट्यूबचा पट्टा. आणि उजव्या हाताशी स्कूटरचा ब्रेक.

“ढकलनारा ढकलू दे,” शीलाबाई दाजींना म्हणाल्या, “थांबायचं तुमच्या हातात हाय.”

दाजींनी ब्रेक दाबला. सोडला. परत दाबला. मग डोळे मिटून थोडा वेळ तो नुसताच धरून बसले.

आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो. ढकलायचा मान मला. फरशीवरून, ओहळावरून गाडी गेली, कुठेही अडली नाही. बाजारात शिरलो आणि दाजींनी करकचून ब्रेक दाबला. मागचा, ढकलायचा दांडा माझ्या पोटात बसला.

“वांगी,” दाजी म्हणाले.

वांगी बघून झाली. पाच पावलं गेलो, पुन्हा ब्रेक, पुन्हा दांडा. मिरच्या. मग विळे-खुरपीवाला. मग पेरू. पेरू त्यांनी एकेक हातात घेऊन, वास घेऊन निवडले आणि चार परत ठेवले. पेरूवाली म्हातारी म्हणाली, “गुर्जी, लय दिसानं! मला वाटलं लेकाकडं गेलाव.”

“हितंच होतो,” दाजी म्हणाले.

माणसं जमली. मला धास्ती होती की लोक दाजींच्या वाकड्या तोंडाकडे बघतील. कुणी बघितलं नाही. सगळे गाडीच बघत होते, वाकून, नळ्यांवर हात दाबून.

“कुनी बनवली, गुर्जी?”

“शीलानं. वाघमाऱ्यांच्या. चौथीत तिला कोन काढता येत नव्हता.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “हे आमचे मेव्हणे. पुण्याहून आलेत. नळ्या यांनी धुतल्या.”

लोकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी पोट चोळत नमस्कार केला. अक्का आमच्यात नव्हती. शोधलं तर पलीकडे चहाच्या टपरीवर एकटीच निवांत बसली होती, कप दोन्ही हातांत धरून, कुणाकडेही न बघता. मी तिला हाक मारली नाही.

दोन दिवसांनी मी पुण्याला परतलो. शीलाबाईंनी निघताना नळ्यांचं एक वेटोळं देऊ केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी टाकाऊ वस्तू घ्यायला नाही म्हणालो. आधी विचारायला हवं, कुणाला हवंय, आणि त्याला कुठे जायचंय. एवढी साधी गोष्ट शाळेत मला शिकवायची राहून गेली, कारण मलाच ती येत नव्हती. सोसायटीतला पुढचा वर्ग मी रद्द केला. कुणी कारण विचारलं नाही, उलट दोघींनी मिठाई पाठवली.

आठवड्याने मी अक्काला फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून झालं.

“दाजींना दे जरा.”

“ते न्हाईत घरी.”

“कुठे गेलेत?”

“काय की! किसनरावाला घेऊन सकाळी गेलेत, आता जेवायची येळ झाली. भाकरी गार व्हायलीय. सांगून जायाला काय हुतंय मानसाला?”

ती बराच वेळ तक्रार करत होती. मी मधे बोललो नाही. किती तरी दिवसांनी तिच्या आवाजात ती जुनी खणखणीत धार आली होती.