धुऊन काढलेलं आतडं

लखलखताई म्हणजे स्वच्छतेचा कहर! औषधांच्या प्रयोगशाळेत सगळे तिला याच नावाने हाक मारत. घरी पाहुण्याने पेला टेकवला न टेकवला तोच हिचं फडकं फिरलंच म्हणून समजा. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तुझ्याकडे बसायचं म्हणजे अंग चोरून बसायचं गं." आणि दारातच दोन शब्द बोलून सटकायची.

या धाकटीच्या आतड्याला व्रण होते. गोळ्या घ्यायची, पण औषध दुखऱ्या जागी थांबतच नसे, पुढे वाहून जाई. म्हणून तर ताईने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या मागे लागून हे काम मागून घेतलं होतं. कोळंबीच्या कवचातून काढलेला पदार्थ आणि समुद्री शेवाळाचा डिंक एकत्र करून पातळ चकती करायची. ती आतड्याच्या अस्तराला धरून बसेल आणि औषध तिथेच हळूहळू सोडेल.

चकती झाली, अगदी देखणी झाली. पण चिकटेल तर शपथ! खाटकाकडून बकऱ्याचं ताजं आतडं आणायचं, चिरून तिरप्या काचेवर पसरायचं, वर चकती ठेवून मिठाच्या पाण्याची धार सोडायची. धार सोडली की चकती घसरगुंडीवरून आल्यासारखी खाली! प्रमाण बदललं, जाडी बदलली, व्यर्थ. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू या. नाहीतर हे मिश्रण बंद." ताईचा जीव टांगणीला लागला.

शुक्रवार उजाडला आणि नळ कोरडा. "आजच मुहूर्त मिळाला का रे मेल्या?" ताई नळावरच डाफरली. एरवी ती आतडं नळाखाली धरून चोळचोळून पांढरंशुभ्र करायची. आज बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात नुसतं खळबळलं. वरचा बुळबुळीत थर तसाच राहिला. नाक मुरडत तिने चकती ठेवली, धार सोडली.

चकती ढिम्म! धार वाढवली, तरी हलेना. चिमट्याने ओढली तर आतडंच वर आलं. ताई मटकन स्टुलावर बसली. चकती धरणार होती ती त्या बुळबुळीत थरालाच, आणि तोच ही बाई इतके महिने मोरीत सोडत होती!

"अगं बाई, मीच की गं!"

पाणी आल्यावर तिने एक तुकडा घासून धुतला, दुसरा नुसता खळबळला आणि मॅडमना बोलावलं. पहिल्यावरची चकती सुटली, दुसऱ्यावरची ठाण मांडून बसली.

"माझेच हात, मॅडम. भांडी घासल्यासारखं घासलं मी."

मॅडमना हसू आवरेना. "मिश्रण चालू राहील. तुमची घासाघीस तेवढी बंद!"

संध्याकाळी धाकटी नेहमीसारखी दारात उभी राहिली. ताईने तिला हात धरून चपलांसकट आत ओढलं, चहा दिला आणि सगळं रामायण सांगितलं. धाकटी इतकी हसली की कप हिंदकळला आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवर चहा सांडला. तिचं हसूच थांबलं. ताईचा हात सवयीने फडक्याकडे गेला, अर्ध्यावरून वळला आणि त्याने किटली उचलली.

"अजून घे."

"ताई, डाग पडेल गं."

"पडू दे."

धाकटीने कप पुढे केला. "मला कधी मिळेल ते औषध?"

"अजून खूप चाचण्या आहेत गं, वेळ लागेल. पण चिकटतंय बघ!" ताईचे डोळे भरून आले होते.

धाकटीने चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सोफ्यावर ऐसपैस मांडी ठोकली.