वहिनीचा कम्प्युटर आणि अप्पांचा पंखा

घरात एक तापणारा कम्प्युटर आणि एक तापणारे वडील असले की किस्से जमवायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत! नव्वदीच्या दशकाच्या शेवटी आमच्या रामनगरच्या घरात दोन्ही होते. अजूनही आम्ही भावंडं जमलो की ताटातली आमटी गार होते, पण हा विषय गार होत नाही.

कम्प्युटर वहिनीचा. लग्नाआधी ती बेळगावात डीटीपीचं काम करायची. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाच्या जाहिराती. इथं आल्यावर तिचे हात शिवशिवायला लागले, म्हणून दादानं बेळगावहून सेकंडहँड पेंटियम आणला. अप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, ते 'डबडं' पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

"ह्याच्या आदी रामनगरात लग्नं होत न्हवती व्हय?" ते म्हणाले.

*

"मशीनला धूळ लागू देऊ नका," एवढं सांगून दुकानदार गेला. आईनं ते भलतंच मनावर घेतलं. जुन्या लुगड्यांची जाडजूड वाकळ शिवली आणि चालू कम्प्युटरवर घातली! तासाभरात माउस हलेना, की-बोर्ड ऐकेना. वहिनीनं वाकळ काढून डब्याला हात लावला तर तवा झालेला.

"आत्ती, ह्याला हवा लागतीया ओ!" वहिनी म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात.

"लागू दे की," आई म्हणाली, "पण रानातनं येतंय ते वारं लई गार हाय. सर्दी झाली म्हंजे?"

*

मग दुकानदारानं दुसरा उपाय सांगितला. डब्याचं बाजूचं झाकण काढा आणि समोर पंखा लावा. घरात टेबलफॅन एकच, आणि तो अप्पांचा! दुपारी जेवून त्याच्यासमोर आडवं व्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. पंखा वहिनीच्या खोलीत गेला आणि अप्पा उघड्या अंगानं, पंच्याचा वारा घेत ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागले.

"आमी हितं घामाघूम, आन् डबडं वाऱ्याला बसलंय!"

चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी निकाल दिला. "उळवीच्या जत्रंपतोर बघतो. तवर ह्याचा ताप गेला न्हाई तर ह्यो गेला बेळगावला!"

उळवीची जत्रा माघात, म्हणजे अजून काही महिने हातात होते, पण अप्पांचा शब्द म्हणजे शब्द. वहिनी त्या दिवशी धड जेवली नाही. मला फार वाईट वाटलं.

*

तिनं प्रयत्न सोडले नाहीत. एसटीडी बूथवर जाऊन बेळगावच्या मेकॅनिकला फोन लावला. लाईन खराब, म्हणून ओरडून बोलत होती.

"लई तापतोय ओ! सकाळी बरा असतोय, दुपारी हात लावू देत न्हाई! मधीच गप्प बसतोय, मग कायबी केलं तरी उठत न्हाई!"

बाहेर रांगेत अर्धं रामनगर उभं होतं. संध्याकाळी ग्लुकोज बिस्किटांचे पुडे घेऊन माणसं घरी हजर! दादा अंगणात लाकडं फोडत होता. शेजारच्या काकूंनी पुढं होऊन त्याच्या कपाळाला हात लावला.

"ह्यो तर गार हाय! मग तापलंय कोण?"

"मी!" अप्पा आतून ओरडले.

*

आमच्याकडच्या पावसात दोरीवरचं कापड आठवडा आठवडा वाळत नाही. एकदा आईचा हात मॉनिटरच्या पाठीला लागला आणि तिला मोठा शोध लागला. तेव्हापासून मॉनिटरवर बनियन, मोजे, पोलकी. वहिनी काढायची, आई घालायची. एक दिवस पडदा एकदम काळा झाला. मागं बघतो तर जाळीवर ओलं धोतर पसरलेलं.

"आत्ती!" वहिनी वैतागली.

"ह्ये मी न्हाई गं घातलं," आई म्हणाली.

ओसरीवर अप्पा पेपरात तोंड घालून बसले होते. पेपर उलटा होता.

*

पाऊस सरला आणि डब्यातला छोटा फॅन फिरेनासा झाला. दादानं बॅटरीच्या उजेडात बघितलं तर फॅनच्या पात्यांत मातीचं घर! आमच्याकडे मातीचं घर बांधणारी माशी असते, तिला कुंभारीण म्हणतात.

"आत कुंभारीण शिरलीया!" दादा ओरडला.

ओसरीवर कुंभारवाड्याचे एक आजोबा चहा पीत बसले होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि काळजीनं विचारलं, "आमच्या गावची? कुणाची लेक?"

माती काढताना फॅनचं पातं मोडलं. नवा फॅन बेळगावहून यायचा होता, तो काही येईना. आता सगळी भिस्त टेबलफॅनवर.

*

आणि जत्रा तोंडावर आली. जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल वहिनीकडे होतं. तिचं इथलं पहिलं मोठं काम. दुपारच्या गाडीनं ते बेळगावच्या छापखान्यात जायला हवं होतं. सकाळी ती टाईप करायला बसली आणि टेबलफॅननं धूर सोडला! कॉईल जळाली. त्यानंतर कम्प्युटर जरा चालायचा, तापायचा, बंद पडायचा. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामंजी, ऱ्हाऊ दे आता. पाठवा ह्याला बेळगावला."

अप्पा उठून आत गेले. आम्हाला वाटलं, डबडं भरायला पोतं आणायला गेले. बाहेर आले ते भात पाखडायचं सूप घेऊन. वहिनीच्या खुर्चीजवळ खाली मांडी घातली आणि उघड्या डब्यावर सुपानं वारा घालायला लागले.

"बघतीस काय? टाईप कर."

ती टाईप करत राहिली, ते वारा घालत राहिले. हात भरून आला की सूप दुसऱ्या हातात. आम्ही कुणी मदतीला गेलो तर डोळे वटारायचे. गाडीच्या वेळेआधी प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर यायला लागला. तेवढ्यात हँडबिल न्यायला आलेले नाटकवाले पाटील खिडकीतून डोकावले. खिडकीतून डबा दिसत नव्हता. दिसत होती खुर्चीवर बसलेली सून, आणि तिच्या पायाशी सूप हलवणारा, घामानं निथळणारा सासरा.

"अप्पा," पाटील दबक्या आवाजात म्हणाले, "सुनंला वारा घालताय?"

अप्पांनी सूप थांबवलं नाही.

"व्हय. तुमच्या घरात कोण घालतंय?"