हिरवी लव

खाणीच्या नमुनाघरात दगड धुणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. स्वच्छतेची खोड इतकी, की दुसऱ्याने विसळलेला कप त्यांना चालायचा नाही. चिखलाने माखलेला दगड आला की नळाखाली धरायचा, ब्रशने खसाखसा घासायचा, चिठ्ठी लावून भूगर्भवाल्या साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. एकवीस वर्षं हेच.

एकदा पंपवाले दादा तळच्या बंद बोगद्यातून कागदात गुंडाळलेला दगड घेऊन आले. "ताई, साहेब रजेवरून आले की दाखवा. असलं काही मी जन्मात पाहिलं नाही." ते गेले आणि ताईंनी सवयीने कागद सोडून दगड नळाखाली धरला. वर बारीक हिरवी लव होती. पाणी पडलं मात्र, बघता बघता ती विरघळून मोरीत गेली. हातात उरला काळा धोंडा. आणि मग या बाईने काय करावं? गुपचूप चिठ्ठी लावली आणि धोंडा टेबलावर ठेवून दिला. धन्य!

साहेबांनी दगड उलटासुलटा करून विचारलं, "यात आहे काय?" दादा परोपरीने सांगत राहिले. पण त्याच आठवड्यात बोगदा पाण्याने भरला, दुसरा तुकडा आणायची सोय उरली नाही. सगळे दादांना 'हिरवा' म्हणून चिडवायला लागले.

पुढे एकदा साहेबच चहा पिता पिता सांगत होते. जुन्या बोगद्याच्या भिंतीतून धातू विरघळलेलं पाणी झिरपतं, वाऱ्याने सुकतं, आणि वर्षानुवर्षांनी तिथे दुर्मीळ खनिज उगवतं. एखादं तर जगात फक्त त्याच भिंतीवर. पाणी लागलं की खलास. ताईंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला. तेव्हाही त्या बोलल्या नाहीत. नोकरीची भीती होतीच, पण खरी अडचण लाजेची. ती दिवसेंदिवस वाढतच गेली.

सहा वर्षांनी दादा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते स्वतःच म्हणाले, "हिरव्याने दिवसाढवळ्या स्वप्नं पाहिली, सांभाळून घेतलंत." हशा पिकला. ताईंची मान वर होईना. आता उठून सांगायचं, असं त्यांनी तीनदा ठरवलं. पाय काही हलले नाहीत.

सभा संपल्यावर त्यांनी दादांना बाहेर व्हरांड्यात गाठलं. "दादा, लव होती. मीच धुतली."

दादा एक पाऊल जवळ आले. "हिरवीच होती ना?"

"हिरवीगार होती."

"मी दोनदा डोळे तपासून आलो हो. शेवटी मलाच वाटायला लागलं, आपल्याला भास झाला." ते रागावले असते तर ताईंना बरं वाटलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "मघाशी आत का नाही बोललात?"

ताईंनी मागे वळून पाहिलं. सभागृहातल्या खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या, आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडत होती.