व्हिसा येईपर्यंत सावडीनं

माहा पोरगा नितीन, सून मधुरा अन् नात ईरा पुण्याहून माह्या अमरावतीच्या घरी आले, तवा त्यांच्यासंग चार बॅगा अन् तुळशीची एक कुंडी होती. पुण्यातलं भाड्याचं घर सोडलं, सोफा विकला, दोघांनी नोकऱ्या सोडल्या. कॅनडाले कायमचं राहायची मंजुरी यायची होती, ती काही येईना. नितीन सकाळी उठला की पयले मोबाईल पाहे, मंग दात घासे. माह्या दोन खोल्यांत चौघं जण अन् एक तो मोबाईल. किती दिवस एकमेकांचं तोंड पाहत बसता?

मंग मधुरानं एक दिवस सांगतलं, "आई, जगात लोक असं फिरतात. कोणाच्या तरी घरी राहायचं, रोज थोडा वेळ त्यांचं काम करायचं, राहणं-जेवण त्यांच्याकडे. वर्क एक्स्चेंज म्हणतात त्याला." तिनं हिमाचलमधलं सफरचंदाच्या बगीचावालं घरही शोधून ठेवलं होतं.

मी म्हणलं, "हे तर सावड झाली! आज मी तुह्या वावरात तण निंदाले येतो, उद्या तू माह्या वावरात ये. पैशाचं नाव नाही. त्यासाठी हिमाचल कायले? आपल्या वऱ्हाडातले कामं संपले का?"

अन् लगेच फोन लावले. जिथं लावला तिथं हेच सांगतलं, "आमी सावडीनं येऊन राहिलो." या एका शब्दानं पुढं काय गोंधळ घातला ते सांगतोच.

पण पयले ईराचं सांगतो. पोरगी आठ वर्षाची, लय गुणाची, पण माहं बोलणं तिले अर्धं समजे अन् अर्ध्यावर ती हसे. "आजी, तू मुलगा आहेस का? मी जातो, मी येतो काय म्हणतेस?" आमच्याकडं बाया अशाच बोलतात बापा, तिले काय सांगू! पुण्याहून फोन केला की "हाय आजी" म्हणे अन् फोन मायच्या हातात देई. आता इतक्या लांब गेल्यावर तो "हाय"ही राहते का नाही? पोरगा जाऊन राहिला त्याचं मले वाईट नव्हतं, त्याचं भलं होऊ दे. पण नातीनं माह्याशी बोललं पाह्यजे, पोटभर बोललं पाह्यजे. म्हणून मी बी माही थैली भरली.

निघायच्या दिवशी सकाळी दह्या-चटणीतला गिलावडा खाल्ला. अमरावतीले येऊन गिलावडा न खाता जो जाते, त्याचं मले नवल वाटते. मंग एसटी. आमा बायांले एसटीत अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड हाताशी ठेवा, तळात ठेवलं की कंडक्टर उभा राह्यते अन् आपली सगळी थैली गाडीभर पसरते. माही पसरली.

पयला मुक्काम रिद्धपूरच्या अलीकडं, माह्या भाचीच्या सासरी. त्यायचा संत्र्याचा बगीचा. काम सोपं, मोठी संत्री एकीकडं, लहान एकीकडं, डाग पडलेली आपल्या पोटात. नितीन कंपनीत बसून मोठमोठे कामं करे म्हणते, पण संत्र्याच्या ढिगापाशी त्याची कंबर दुपारीच धरली. भाचीची सासू म्हणली, "कॅनडाले संत्री नाहीत का जी? नसन तर बगीचा लावा, इथं वाकायची सवय झालीच तुमाले." संध्याकाळी रिद्धपूरले दर्शनाले गेलो. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण आहे ते, तिथं भेटलं की एकमेकांले "दंडवत" म्हणतात. ईराले तो शब्द इतका आवडला की येताना ऑटोवाल्याले दंडवत, चहावाल्याले दंडवत, गोठ्यातल्या म्हशीले बी दंडवत. मी मनात म्हणलं, चला, तोंड तर उघडलं!

तिथून चांदूर बाजार, परतवाडा करत अंजनगाव सुर्जी. सातपुड्याचे डोंगर उजव्या हाताले दिसत राह्यतात, खिडकी तिकडचीच धरा. अंजनगावले वसंतभाऊ अन् शकुंतलाबाई यांचा पानमळा. त्यांची पोरगी क्लाससाठी अमरावतीले होती तवा माह्या घरी राहे, तेव्हापासूनची ओळख. पानमळा कधी पाह्यला नसन तर पाहाच. बाहेर ऊन कडक, अन् आत शिरलं की माठात उतरल्यासारखं गार. वेली अशा उंच चढलेल्या, मधून पायापुरती वाट.

ईरा बूट घालूनच धावत आत गेली. शकुंतलाबाई ओरडल्या, "अवं पोरी, बूट काढ! मळ्यात चप्पल चालत नाही, देवघर आहे हे आमचं!" बोलणं आमचं असंच, खणखणीत. पोरीले वाटलं रागावल्या. बूट काढून जे गप बसली ते बसलीच. मधुराचंही तोंड उतरलं. मी म्हणलं, गेलं सगळं, आता ही तोंड उघडत नाही.

मी, मधुरा अन् शकुंतलाबाई पानं खुडायले लागलो. नख कसं लावायचं ते त्यांनी मधुराले हात धरून शिकवलं. नितीन वसंतभाऊसंग पाणी देत होता. दुपारी गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. नितीननं हात धुतले अन् मोठ्या सभ्यपणानं म्हणला, "काकू, आमचं आजचं काम जेवणाच्या मानानं कमी झालं. संध्याकाळी अजून दोन तास करतो."

शकुंतलाबाईचा हात तुपाच्या भांड्यावर थांबला. "म्हणजे? माह्या भाकरीच्या मोबदल्यात काम करून राहिले तुमी?"

"हो काकू, एक्स्चेंज म्हणजे तसंच असतं."

"काहून? आमी काय खानावळ टाकली? पाहुण्याकडून जेवणाचं काम घेतो आमी? मावशी, तुमी तर सावड म्हणल्या होत्या!"

आता मी कोणाची बाजू घेऊ? दोघंही खरं बोलत होते ना! नितीनच्या हिशेबानं जेवलं की फिटलं. अन् सावडीत जेवण मोजत नाहीत, सावडीत कामाच्या बदल्यात काम. वसंतभाऊनं तर पुढचीच गोष्ट काढली. शांतपणानं म्हणले, "तुमी आमच्या मळ्यात राबले. आता आमी तुमच्याकडं कधी यायचं ते सांगा. सावड अंगावर ठेवत नाही आमी."

"काका, आम्ही तर कॅनडाला चाललो," मधुरा म्हणली.

"मंग तिकडं येतो. काय पिकते तिकडं?"

"बर्फ," नितीन म्हणला.

"बर्फ निंदाले लागते का?"

सगळे हसले, पण शकुंतलाबाई हसल्या नाहीत. तूप वाढायचं थांबलं ते थांबलंच. मी काहीतरी बोलाले तोंड उघडलं, तर पलीकडून आवाज आला. ईराचा. रोडगा हातातच होता.

"काकू, तुमी आजीकडे या ना. आमी गेल्यावर ती एकटीच राहून राहिली."

चुकलंच होतं ते, "एकटीच राहणार" म्हणायचं होतं तिले. पण तिनं आमच्या बोलीत म्हणलं होतं, शकुंतलाबाईंले नीट समजावं म्हणून. कोणी हसलं नाही. शकुंतलाबाईंनी तिच्या रोडग्यावर तुपाची धार सोडली, अशी की ताटात ओघळ आला. "येतो व माय," म्हणल्या, "तुह्या आजीकडं वाळवणं घालाले येतो. झाली सावड?"

"हाव," पोरगी म्हणली. हाव! पुण्याची पोरगी!

मंग काय, दोन दिवस ती अनवाणी मळ्यात अन् शकुंतलाबाईच्या मागं मागं. हे काहून, ते काहून. शेवटी शकुंतलाबाईच म्हणल्या, "मावशी, हिले बंद करायचं बटन कुठी आहे?"

तिथून अकोट अन् अकोला. या रस्त्याले इतके खड्डे अन् वळणं की पोट भरून बसू नका, एवढंच सांगतो. अकोला माहं माहेर. तिथं रुखसाना अन् तिचा नवरा मुश्ताकभाई यांचं गाद्या-रजयांचं दुकान. रुखसाना अन् मी चौथीलोक एका पाटावर बसलो, मंग दोघींची शाळा संगच सुटली. ईरानं दारातच "दंडवत" ठोकला. मुश्ताकभाई हसून म्हणले, "दंडवत बेटा, सलाम बी घे, दोन्ही ठेव."

इथं काम रजईत कापूस सारखा पसरायचं अन् टाके घालायचं. मधुराचे टाके पाहून रुखसाना म्हणली, "बहू, रजई शिवून राहिली का रस्त्याचा नकाशा काढून राहिली?" मधुरा आता रुसत नव्हती. म्हणली, "अकोटचा रस्ता काढतेय." रुखसानानं तिले टाळीच दिली.

अन् तिथंच मेल आला. नितीनच्या डोक्याले, भुवयांले कापूस, जसा बर्फात उभा. पासपोर्ट पाठवा, मंजूर झालं. मधुरा रडली, नितीन हसला, मुश्ताकभाईंनी बर्फी मागवली. मले आनंदच झाला, खोटं कशाले सांगू. फक्त चहा घेतला तर त्यात साखर नाही असं वाटलं, अन् होती.

रुखसानानं ईरासाठी लहान रजई शिवली, नव्या वऱ्हाडी कापसाची. नितीन म्हणला, "मावशी, बॅगेत मावणार नाही." ती म्हणली, "मंग कपडे काढा. कपडे तिकडं भेटतात."

मुर्तिजापूरवरून घरी आलो. पुढं धावपळ, अन् ते गेले. घर पयल्यासारखं मोठं झालं. हे मी फोनले सांगतो अन् फोन लिहिते. मधुरा तिकडून शुद्धलेखन पाह्यते, पण माहं "मले" खोडायचं नाही असं तिले बजावून ठेवलं.

ऊन तापलं तशा शकुंतलाबाई खरंच आल्या, संग ज्वारीचे पापड लाटायचं लाकडाचं यंत्र घेऊन, जसं माह्या घरी पोळपाटच नाही. आमी दोघी छतावर पापड घालत होतो, तेवढ्यात ईराचा फोन आला. तिकडं तिची झोपायची वेळ, रजई गळ्यापर्यंत. "आजी, फोन काकूकडे फिरव." फिरवला.

"काकू, काम करून राहिल्या का नुसता चहा पिऊन राहिल्या?"

"काम करून राहिलो व माय! पाह्य, किती पापड झाले."

"तो कोपऱ्यातला वाकडा कोणाचा?"

"तुह्या आजीचा."

"आजी! काहून असा केला?"

मले सांगायचं होतं की वारा आला, पदर उडाला. पण पोरगी ऐकते कुठी? तिच्या शाळेतली मैत्रीण, बसचा ड्रायव्हर, डब्यातली भाकर पाहून कोण काय म्हणलं, एकामागून एक. तिकडून मधुरा ओरडली, "ईरा, झोप आता!" अन् इकडं पापड कडक होऊन राहिले. शेवटी मीच म्हणलं, "बापा, फोन ठेव आता, आमाले कामं आहेत."