पंधरा इंची स्पीकर

मी कुरुंदवाडला माहेरी गेलतो, पोरीला घिऊन. दुपारी तिला न्हाऊ घालून टॉवेलात गुंडाळत व्हतो, तवर ह्यांचा फोन आला आन् ह्ये बोलंनातच. मला वाटलं आत्तींना काय झालं, म्हंजे माझ्या सासूबाईंना, त्यांना शुगर हाय. मंग ह्ये म्हणालं, "मामा गेलं." मामा म्हंजे ह्यांचं वडील. जेवून खुर्चीत बसलं आन् बसल्या जागीच... माझ्या हातात ओली पोरगी, फोन खांद्यात, मला रडायचं बी सुचंना. एवढंच डोक्यात आलं की आता दुपारचं हिला झोपवायचं कसं. असं कोन इचार करतं व्हय त्या येळंला? पन खरं तेच आलं.

मामा शिरोलीत फौंड्रीला व्हतं. सारा जलम भट्टीपुढं, आन् सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार. गळ्यात अडकवायची गिटार न्हवं. ही आडवी, टेबलागत पायांवर उभी. फुडं खुर्ची टाकून बसायचं, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी सळी धरून तारांवरनं सरकवायची, आन् खाली पायानं पेडल दाबायचं. पेडल त्यांनी भंगारातनं स्वतः बशिवल्यालं. सूर उडी मारत न्हाय बगा तिच्यात, घसरत घसरत जातो, मानूस रडताना जातो तसा. जत्रंत कार्यक्रम असला की पोरं त्या सळीकडं बगून खालनं वरडायची, "पावणं, माझी बी पँट घ्या की इस्त्रीला." मामा सळी तशीच सरकवत म्हणायचं, "आन की. फक्त तू आत नगंस."

माझी पोरगी सातव्यातच झाली. काचंच्या पेटीत ठिवल्याली, मला हात बी लावू देत नव्हती. घरी आनली तर भांडं पडलं तरी हातपाय ताठ, त्वांड निळं, आन् श्वास कुठं आडकायचा कुनाला ठावं. डॉक्टरीनबाई म्हणाल्या, मोठ्या आवाजापास्नं जपा. तेवढं एक वाक्य मी धरून बसलो. मिक्सर बंद, कुकर बंद, भात पातेल्यात. गल्लीत वरात आली की डीजेच्या भिंतीच्या भिंती, खिडकीच्या काचा थरथरायच्या, मी पोरीला उराशी धरून मागं न्हाणीत जाऊन बसायचो. आन् घरात मामांची गिटार. मामांम्होरं मी कवा त्वांड उघडल्यालं न्हाय, आत्तींच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी गिटारीवर चादर.  मामा खुर्चीत बसून नुसती मांडीवरच बोटं हालवायचं... ते मला बगवत नव्हतं, आन् भ्या बी सुटत नव्हतं.

बारसं लांबलं व्हतं. मामांची विच्छा एकच, नातीच्या बारशाला वाजवायची. ऑर्केस्ट्रातलं त्यांचं जोडीदार सर्जेराव, आता त्यांचा मंडपाचा आन् साऊंडचा धंदा हाय, त्येंनी दोन स्पीकर आनून टाकलं. एक बारा इंची, एक पंधरा इंची. लावून बगा, नगं असंल त्यो परत द्या म्हणालं. मंग दोघांचं सुरू. सर्जेराव सांगायचं बारा घ्या, उचलाय हलका, सूर टाचणीगत लांब जातो. मामा म्हणायचं, टाचणीगत जातो म्हणून तर नगं वाटतो. बारक्या स्पीकरात वरचा सूर टोचतो, पंधराच्या तोंडावरला कागद मोठा, त्यो सूर गोल करून सोडतो. मंग अठराच घ्या की, आमच्या डीजेतला, असं सर्जेराव चिडवायचं. मामा म्हणायचं, अठरात नुसतं घर हालतंय, गानं कुठं ऱ्हातंय. पन पंधराची पेटी जड, मामांची छाती नाजूक, ठरंना. दोन्ही स्पीकर भितीला टेकून तसंच पडल्यालं.

त्यात खंडेनवमी आली. आत्तींनी विळी पुजली, खुरपं पुजलं, ह्यांची गाडी पुजली, मामांचा पाना पुजला, आन् स्पीकर बी पुजला. मोठ्याला मान म्हणून पंधरा इंची. काळ्या कागदावर मधोमध ओलं कुंकू थापलं, वरनं पानी शिंपडलं. कागदच त्यो, भिजून मऊ पडला. मामा आलं, बगत उभं ऱ्हायलं. आत्ती म्हणाल्या, देवाचं केलंय, वाईट काय केलंय? मामा म्हणालं, "न्हाय की. पुजल्यालं परत कसं द्यायचं आता सर्जाला. घरचाच झाला ह्यो." आन् स्पीकर सरकवत न्हिऊन उन्हात ठिवला.

वाळला, पन फाटलाय का न्हाय ते कळाय वाजवायलाच पायजे. मामा माझ्या खोलीच्या दारात आलं. आत आलं न्हाईत. पहिल्यांदाच सरळ मला म्हणालं, "पोरी, बारीक आवाजात लावू काय? तू मान हालवलीस की बंद."

 पाळण्यात हात घातला, पोरीच्या छातीवर ठिवला, आन् लावा म्हणालो. आधी नुसती घुमघुम आली, मंग त्यातनं सूर उठला, लांबनं कुनीतरी हाक मारत यावं तसा. मामा तारांकडं बगतच नव्हतं, माझ्या तोंडाकडं बगून वाजवत व्हतं. पोरीचं हातपाय ताठलं न्हाईत. डोळं उघडून तिनं आवाजाकडं मान केली. मंग मामांनी वायर काढून बाराला जोडली, तेवढाच बारीक आवाज, तोच सूर, आन् पोरीनं अंग चोरलं. मी मान हालवायच्या आधीच बटन बंद. "ठरलं," म्हणालं.

बारशाला बायका पाळना म्हणत व्हत्या, मामांनी सूर धरला तशा गप झाल्या, मंग हळूच त्याच्या मागनं म्हणाय लागल्या. तवापास्नं रोज दुपारी जेवान झालं की मामा वाजवायचं आन् पोरगी झोपायची. मी बी तिथंच भितीला टेकून डोळा लावायचो. बाळंतपणानंतर मी झोपलो म्हंजे त्याच दुपारी.

तेरावा झाला आन् सर्जेराव आलं. एका मंडळाच्या डीजेच्या सेटात पंधरा इंची कमी पडत व्हता, आन् पैसं द्यायचं ऱ्हायल्यालं, म्हंजे स्पीकर त्येंचाच, मागण्यात काय वाईट न्हाय. ह्ये बी म्हणालं, घिऊन जावा, इथं कोन वाजवनार. दोघांनी पेटी दारापत्तोर आनली. मी पोरीला कडंवर घिऊन उंबऱ्यात उभी ऱ्हायलो. 

"सर्जेमामा, दिऊ नगा म्हंजे... न्हिऊ नगा. तुमी ह्येला त्या डीजेच्या भिंतीत लावनार. ज्या आवाजाला भिऊन मी न्हाणीत पळतो, त्यात ह्येला वरडाय लावनार. मामांनी असं वाजवलं न्हाय कवा."

ह्ये माझ्याकडं बगतच ऱ्हायलं. सर्जेरावांनी पेटी परत जागेवर सरकवली, खाली फरशीवर बसलं, मागची ढिली वायर पिळून बशिवली. जाताना एवढंच म्हणालं, "चालू करत जा अधनंमधनं. नुसता ठिवला तर धूळ खाईल."

म्हणून दुपारी मी बटन लावतो. मला काय वाजवाय येत न्हाय, सळी तारंवरनं सरकवतो, कायतरी वाकडंतिकडं निघतं. काल असंच बटन लावलं, तर पोरगी रांगत आली, पेटीची कड धरली आन् उभी ऱ्हायली. पहिल्यांदाच. पाय थरथरत व्हतं, पडली असती तर डोकं फरशीवर. मी दोन्ही हात फुडं केलं... आन् मंग मागं घेतलं.